प्रश्न अकरावा

अकराव्या प्रश्नाशी लिअँडर टिझर्डनं
पेन्सिल एवढी दाबली
की खालच्या पानावरही वळ उठला.
‘आनंद झाला की मला स्वतःचा भरवसा वाटत नाही.’
कधीच, क्वचित, कधी कधी, बहुधा, नेहमी.
नेहमी.

सेंट जॉन्सच्या या तळघरात
मी नऊ वर्षं माणसांच्या छातीवर
तीन तीन चकत्या चिकटवते आहे.
आधी हात चोळून घेते, बोटं गार असतात.
मार्च महिना, बंदरात बर्फाचे तुकडे
रात्रभर एकमेकांवर दात खातात.

निरोगी काळीज घड्याळासारखं चालत नाही,
हे मी प्रत्येकाला सांगते.
श्वास घेतला की ते जरा पाय उचलतं,
सोडला की रेंगाळतं,
वाटेत कुणी ओळखीचं भेटल्यासारखं.
आम्ही त्याचं रेंगाळणं मोजतो.

‘आता एखादा चांगला दिवस आठवा. नव्वद सेकंद.’
त्यानं विचारलं,
‘दुपारपर्यंतचा चांगला चालेल?’
चालेल, म्हटलं.

पडद्यावर ठोके आले
कुंपणाच्या खांबांसारखे, एका मापाचे.
श्वास आत गेला, बाहेर आला,
काळजानं मान वळवून पाहिलं नाही.

मग, वायरी तशाच असताना, तो आपणहून बोलला.
त्या दिवशी मासा असा आला की हसू आवरेना.
सेल्बीनं, धाकट्या भावानं, टोपी पाण्यात भिरकावली.
होडी काठोकाठ, तरी म्हटलं, अजून एक जाळं.
एझराकाका दोनदा म्हणाला, वारा फिरलाय.
आम्ही त्यालाच हसलो.

पुढचं त्यानं सांगितलं नाही.
त्यांच्या गावच्या चर्चमध्ये
पितळी पाटीवर तीन नावं आहेत.

हुरळली मेंढी लागली लांडग्यामागे,
एवढ्यात उरकता येईल ही गोष्ट.
पण लेकीच्या लग्नात हा माणूस
नाच सुरू होताच बाहेर जाऊन
गाड्यांचे दिवे तपासत बसला.
नातू पहिल्यांदा हातात दिला
तर म्हणाला, छप्पर बघायला हवं यंदा.
लोक म्हणाले, याचं सुख दुखतंय.
लोक सहज म्हणतात.
मी ते दुखणं मिलिसेकंदांत पाहिलं.

मागच्याच आठवड्यात कीगन आला होता, एकोणीस वर्षांचा.
हॉकीचा सामना जिंकला त्या रात्री
घरभाड्याचे पैसे त्यानं मित्रांना पाजले,
पहाटे ट्रक तळ्याच्या बर्फावर घातला.
हे सांगतानाही तो खुर्चीत उसळत होता.
आणि त्याचेही खांब तसेच, एका मापाचे.
एक आनंदाला उंबऱ्यावर अडवतो,
दुसऱ्याला आनंद केसाला धरून फरपटत नेतो,
सैल सोडायचं आणि आवरायचं
दोघांनाही जमत नाही.
डॉक्टर फज म्हणतात, दोन माणसांवरून
काहीच म्हणता येत नाही.
बरोबर आहे. मी काही म्हणत नाही.

शेवटी यंत्र बंद करून चकत्या काढायला घेतल्या.
तिसरी चकती छातीचे पांढरे केस घेऊनच निघाली.
तो कळवळला, एक अस्सल दर्यावर्दी शिवी हासडली,
मी बाई आहे हे आठवून ओशाळला,
आणि हसला. चांगला पोट धरून हसला.
मध्येच थांबला, दाराकडे पाहिलं,
कुणी काही सांगत आलंय का ते पाहिल्यासारखं,
कुणी नव्हतं,
परत हसला.

यंत्र बंद होतं. मला वाईट वाटलं.
तसं फार नाही.

कोट घालताना त्यानं विचारलं, रबर आहे का?
कशाला, ते मी विचारलं नाही.
नाही म्हणाले. भरलेला फॉर्म बदलायचा नाही
असा नियम आहे.
रबर ड्रॉवरमध्येच होतं, पेन्सिलींच्या खाली.

तो जिना चढून गेला, मधल्या पायरीवर थांबत.
कागदावर मात्र अजून
नेहमी.